मेमरी फोमची गादी घेताना आधी थर बघा, मग जाडी

दुकानात गादीवर तळहात दाबायचा, उमटलेला ठसा सावकाश भरून येताना बघायचा आणि पसंती द्यायची, अशी बहुतेक खरेदी होते. त्या ठशावरून एवढंच कळतं की वरच्या थरात मेमरी फोम आहे. तो किती आहे आणि त्याच्याखाली काय भरलंय, हे कळत नाही. गादी टिकणार की दोन वर्षांत मधोमध खड्डा पडणार, हे तर त्या खालच्या भागावरच ठरतं.

आठ इंची ‘मेमरी फोम गादी’ म्हणजे आठ इंच मेमरी फोम नव्हे. वर एक ते तीन इंच मेमरी फोम आणि खाली आधाराला एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाब काढताच उसळून येणारा) फोम किंवा साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, अशी रचना असते. म्हणून विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: प्रत्येक थर किती इंचाचा आणि त्याची डेन्सिटी (घनता, म्हणजे एका घनमीटरचं वजन) किती? उत्तर बिलावर लिहून घ्या. मेमरी फोम घनमीटरला निदान ५० किलोचा आणि खालचा एचआर फोम ३२ किंवा त्याहून अधिक असावा. कव्हरला चेन असेल तर ती उघडून थर मोजा. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड फोम मऊही असू शकतो. डेन्सिटी टिकाऊपणा सांगते. पाठीला चांगली म्हणून गादीवर लिहिलेल्या ‘ऑर्थो’ या शब्दावरून मात्र थरांबद्दल काहीच समजत नाही.

सांगितलेल्या आकड्यांची खातरजमा वजनावरून करता येते. ७८ × ७२ इंचाच्या सहा इंची गादीत वर दोन इंच मेमरी फोम ५० चा आणि खाली चार इंच एचआर ३२ चा असेल, तर नुसता फोमच २१ किलोच्या आसपास भरायला हवा, कव्हर वेगळं. एवढी गादी १४-१५ किलोच भरली तर कुठला तरी थर हलका आहे, हे नक्की.

आता आपल्याकडच्या हवेचा मुद्दा, आणि तो फार महत्त्वाचा आहे. मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत ताठरतो. एसी लावलेल्या दुकानात २३-२४ अंशांना जी गादी भक्कम वाटते, ती नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंख्याखाली, बरीच रुतते असं वाटतं. याउलट महाबळेश्वरच्या डिसेंबरात तीच गादी पाठ टेकल्यावर काही मिनिटं कडक लागते. झोपायच्या खोलीत एसी नसेल तर मेमरी फोमचा थर एक ते दीड इंचापेक्षा जास्त घेऊ नका. काही गाद्यांत गारव्यासाठी जेलचा थर असतो, पण त्याचा गारवा सुरुवातीचा काही वेळच जाणवतो. शरीराची ऊब त्यात साठली की फरक उरत नाही. ज्यांना मुळातच खूप घाम येतो त्यांनी लेटेक्सची, म्हणजे रबरी फोमची, गादी जरूर बघावी.

झोपायची सवयही लक्षात घ्या. कुशीवर झोपणाऱ्यांचा खांदा आणि खुबा आत जायला जागा लागते, म्हणून खोलीत एसी असेल तर दोन ते तीन इंच मेमरी फोम. पाठीवर झोपणाऱ्यांना मध्यम कडक. पालथं झोपणाऱ्यांचं पोट रुतून कंबर वाकते, त्यांना वरचा थर पातळ आणि गादी कडकच हवी. वजन ८५-९० किलोंच्या पुढे असेल तर जाडी आठ इंच आणि खालचा थर ४० चा बघा. दुकानात चप्पल काढून, नेहमीची उशी घेऊन, नेहमीच्या कुशीवर निदान दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. सोबत आलेल्याला मागून बघायला सांगा: मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ रेषेत दिसला पाहिजे.

घरात आजी-आजोबा असतील तर पलंगासकट उंची मोजा. काठावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले आणि गुडघे काटकोनात आले, तर उठणं सोपं जातं. १६ इंची पलंगावर दहा इंची गादी टाकली की ते जमत नाही. मऊ काठावरून उठतानाही त्यांना जोर लागतो. वर्षाच्या आतल्या बाळाला या गादीवर अजिबात झोपवू नका. तोंड फोममध्ये रुतलं तर त्याला वळता येत नाही.

पलंगाचं माप आतल्या बाजूने घ्या. ७२ × ७२, ७५ × ६० आणि ७८ × ७२ ही मापं सर्रास मिळतात, आणि तीन इंचांची चूक झाली की गादीची कड दुमडते. सामान ठेवायच्या बॉक्स पलंगाची फळी अखंड प्लायवूडची असेल तर कोकणात, मुंबईत पावसाळ्यात गादीखाली ओल धरून बुरशी येते. फळीला सहा-सहा इंचांवर अर्ध्या इंचाची भोकं पाडून घ्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला गादी काही तास उभी करून पंख्याचं वारं द्या.

गुंडाळून आलेली गादी लगेच उघडा. महिनोन्‌महिने दाबून ठेवली तर ती पूर्ण फुगत नाही. पूर्ण उंची यायला एक ते तीन दिवस, वास जायला कधी आठवडाही लागतो. तोवर खिडक्या उघड्या ठेवा.

कापसाच्या गादीसारखी ही उन्हात मात्र टाकू नका. उन्हाने फोम पिवळा पडून त्याचा भुगा होऊ लागतो. उलटायचीही नाही, कारण मेमरी फोम एकाच बाजूला असतो. दर तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करा. पहिल्याच रात्री पाणी न झिरपणारं कव्हर घाला, कारण बऱ्याच वॉरंटींमध्ये डाग पडलेली गादी बदलून मिळत नाही. किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून देणार, एक इंच की दीड, तेही पैसे देण्यापूर्वी वाचून घ्या.