जुनी गाडी मधेच बंद पडते? आधी वेळ बघा

कार्ब्युरेटरची (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) जुनी पेट्रोल गाडी मधेच बंद पडत असेल, तर पार्ट बदलत सुटू नका. नेमकी कधी बंद पडते ते आधी बघा. फक्त आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, बंद पडत असेल तर तुंबलेला आयडल जेट (कार्ब्युरेटरमधलं त्या वेळी पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) किंवा चिरलेला व्हॅक्यूम पाइप (इंजिनाला जोडलेली हवेची रबरी नळी) हे कारण असू शकतं. चोर्ला घाट चढून तापल्यावर बंद, निवल्यावर पुन्हा चालू, असं असेल तर इग्निशन कॉइलवर (स्पार्कसाठी लागणारा जास्त दाबाचा करंट तयार करणारा भाग) संशय घ्या.

गोव्याच्या पावसात मात्र मी आधी डिस्ट्रिब्युटर कॅपच (प्रत्येक प्लगकडे स्पार्क वाटणाऱ्या भागाचं झाकण) काढायला सांगेन, अर्थात इंजिन बंद करून. आत ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. कॅपच्या आतल्या धातूच्या दोन टोकांच्या मधे केसासारखी काळी रेघ दिसली, तर स्पार्क तिथूनच पळतोय. पुसून भागणार नाही, कॅप बदलाच. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी बॅटरीची अर्थिंगची वायरही (बॅटरीतून गाडीच्या बॉडीला जोडलेली) घासून घट्ट करावी, खाऱ्या वाऱ्याने ती गंजते.