रुंद टायर घालताय? मी केलेल्या या चुका टाळा

साताऱ्याला निघालो होतो. मागे आई-बाबा, पुढे बायको, डिकी सामानाने ठासलेली. खंबाटकी घाटात पहिल्याच मोठ्या वळणावर मागच्या चाकातून ‘घर्रर्र’ असा आवाज आला.

“काहीतरी घासतंय रे,” बाबा म्हणाले.

“रस्ता खराब आहे,” मी म्हणालो. रस्ता चांगला होता. चारच दिवसांपूर्वी मी गाडीला रुंद टायर घातले होते आणि ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

गाडी २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चाकणमध्ये बनलेली, १.२ लिटर टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. तिला स्पोर्ट्स कार म्हणू नये असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मात्र टायरच्या बाबतीत मी जे मूर्खपणाचे प्रकार केले, तेच प्रकार लोक माझदाच्या मियाटासारख्या स्पोर्ट्स कारवर करतात, टोयोटाच्या जीटी८६ वर करतात आणि त्यांहून महाग गाड्यांवरही करतात. गणित सगळीकडे एकच आहे.

पहिला आकडा वाचून टायर घेऊ नका

माझ्या गाडीची मूळ साईज १८५/६० आर १५. दुकानात गेलो आणि म्हणालो, जरा रुंद दाखवा. त्याने २०५/६० आर १५ काढला. “साहेब, आरामात बसतो. बघा गाडी कशी दिसते!” दिसत होती खरंच झकास.

पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये; शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. मधला ६० हा आकडा मात्र मिलिमीटर नाही, टक्का आहे. टायरच्या रुंदीच्या ६० टक्के एवढी साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. म्हणजे रुंदी वाढवून तो आकडा तसाच ठेवला की टायर उंचही होतो. माझा जुना टायर: १८५ चे ६० टक्के म्हणजे १११ मि.मी., वर-खाली मिळून २२२, त्यात १५ इंची रिमचे ३८१. एकूण व्यास ६०३ मि.मी. नवा टायर: १२३ दुणे २४६ अधिक ३८१, म्हणजे ६२७. चार टक्के मोठा.

चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण टायर वरच्या बाजूने १२ मि.मी. वाढला आणि दोन्ही बाजूंनी दहा-दहा मि.मी. फुगला. मागे दोन माणसं बसली, डिकी भरली, सस्पेन्शन दबलं की तो मडगार्डच्या आतल्या लायनरला लागणारच. शिवाय चाक मोठं म्हणजे प्रत्येक गिअर लांब. ज्या पिकअपसाठी ही गाडी घेतली, तीच सुस्तावली. स्पीडोमीटरही मागे पडतो: जुन्या चाकावर खरे १०० भरायचे तिथे आता १०४ भरतात, काटा मात्र तिथेच.

सर्वसाधारण दंडक असा, की नवा व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत हवा आणि जितका जवळ तितका बरा. १५ इंचीच रिम ठेवायची तर १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ येतो, दोन टक्के जास्त. २०५/५५ आर १५ चा ६०६.५, म्हणजे जवळपास मूळ. पण हा शेवटचा आपल्याकडे सहज मिळत नाही आणि ‘हा नाहीये, तो घ्या’ असं म्हणत दुकानदार २०५/६० पुढे सरकवतो. तिथेच फसगत होते.

रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त रबर, हा समज

माझाही होता. टायर जमिनीला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: चाकावरचं वजन आणि आतली हवा. माझी गाडी साधारण अकराशे किलोची, वजन पुढे जास्त. पुढच्या एका चाकावर सव्वातीनशे किलोच्या आसपास येतं. ३२ पीएसआय हवेत ते पेलायला अंदाजे १४५ चौरस सेंटिमीटर लागतात, पोस्टकार्डापेक्षा जरासे जास्त. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली, तर हा तुकडा फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबट होता तो आडवा होतो.

आडवा झाल्याचा फायदा आहे. वळणावर स्टेअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो, रबर समान तापतं, जोरात चालवताना दम जास्त वेळ टिकतो. ट्रॅकवर म्हणूनच रुंद टायर लागतात. पण रोजच्या रस्त्यावर ग्रिप आधी रबराच्या मिश्रणातून येते. चांगल्या कंपनीचा मऊ रबराचा १८५, स्वस्तातल्या कडक २०५ ला सहज मागे टाकतो. मी दोन्ही चालवलेत.

टोयोटाने जीटी८६ काढली तेव्हा २१५/४५ आर १७ साईजचे मिशेलिन प्रायमसी दिले. शांत, टिकाऊ, प्रियससारख्या गाडीलाही मिळणारे टायर. कंपनीला रुंद, चिकट टायर परवडत नव्हते असं थोडंच आहे? गाडी कमी वेगातही खेळकर वाटावी, मागची बाजू सांगून घसरावी, हा हेतू होता. बीएमडब्ल्यू आय८ तर दिसायला अंतराळयान, आणि तिचे पुढचे मूळ टायर १९५/५० आर २०. एकशेपंच्याण्णव! माझ्यानंतरच्या पोलो जीटीच्या टायरएवढे.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. ताम्हिणीत जुलैमध्ये रस्त्यावरून पाणी वाहत असतं. रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगतो. खाचा खोल असतील तोवर निभतं. झीजखुणेची मर्यादा, म्हणजे खाचांची किमान खोली, १.६ मि.मी. आहे, पण रुंद टायर असेल तर माझ्या मते पावसाळ्याआधी ३ मि.मी. राहिले की नवे घ्यावेत.

रिम न मोजता टायर चढवणे

प्रत्येक टायरला रिमची रुंदी ठरलेली असते. पोलोची १५ इंची रिम सहा इंच रुंद. त्यावर १९५ छान बसतो, २०५/५५ चालतो. २१५/४५ ला किमान सात इंच लागतात. तो सहा इंचीवर चढतो, टायरवाल्याचं मशीन काहीही चढवतं. पण मग टायरचे काठ आत ओढले जातात, मधला भाग फुगतो, मधूनच झिजतो आणि वळणावर साईडवॉल डुलते. म्हणजे पैसे देऊन आधीपेक्षा ढिली गाडी.

दुसऱ्याची अलॉय आपल्याला बसवणे

२०५/६० विकून मी दुसरी चूक केली, आणि ही जास्त महागात पडली. एकाकडून वापरलेली १७ इंची अलॉय चाकं घेतली, सात इंच रुंद, वर २१५/४० आर १७. या वेळी हिशेब करून गेलो होतो: व्यास ६०४, मूळच्या अगदी बरोबरीचा. बोल्टचं वर्तुळ ५×१००, म्हणजे १०० मि.मी. च्या वर्तुळावर पाच बोल्ट, तेही जुळत होतं. मी खूश.

नव्वदच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग केलं. पुन्हा केलं. दुसऱ्या दुकानात केलं. शेवटी एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्याने चाक उतरवलं नाही, फक्त मधलं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि कानामागची पेन्सिल काढून हब (गाडीचा, चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि चाकाच्या मधल्या फटीत घातली. गेली की ती!

“चाक कशावर टेकलंय सांगा?” त्याने विचारलं.

पोलोच्या हबचा व्यास ५७.१ मि.मी. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक, म्हणजे बोअर, ७३.१ चं असतं, म्हणजे अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं. चहूबाजूंनी आठ मिलिमीटरची मोकळी जागा. ती भरायला प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग मिळते. ती नसेल तर चाक फक्त बोल्टच्या भरवशावर मधोमध बसतं, म्हणजे बसत नाही.

मग त्याने बोल्ट दाखवले. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोल असतं, चेंडूसारखं. बाहेरच्या अलॉयला बहुधा कोनासारखं निमुळतं लागतं. मी जुनेच बोल्ट वापरले होते. गोल डोकं निमुळत्या भोकात नुसतं कडेला टेकतं, घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि हळूहळू सुटतं. हे ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याच बोल्टांवर मी एक्सप्रेसवेने मुंबईला जाऊन आलो होतो. नवे बोल्ट घ्या, १२० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळा आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तपासा. एअर गनने ‘टर्रर्र’ करून सोडणाऱ्याला तिथेच थांबवा.

उरला ऑफसेट, म्हणजे चाकाची हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मि.मी. बाहेर आहे ते सांगणारा, अलॉयवर ‘ईटी’पुढे लिहिलेला आकडा. माझ्या मूळ रिमचा ४०, नव्याचा ३५. सहाची रिम सात झाली आणि ऑफसेट पाचने कमी झाला, तर चाकाची बाहेरची कड जवळपास १८ मि.मी. बाहेर येते आणि आतली आठ मि.मी. आत, शॉकअबच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) दिशेने. घेण्याआधी हे कागदावर मांडा. मग मुलीच्या खेळण्यातल्या क्लेचे छोटे गोळे मडगार्डच्या आत आणि शॉकअबवर चिकटवा, मागे दोघांना बसवा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवत सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून हळू फेरी मारा. गोळा जिथे चपटा झाला असेल तिथे जागा कमी आहे. वीस मिनिटांचं काम.

लो-प्रोफाइल आणि आपले खड्डे

सगळं नीट झाल्यावर दोन महिन्यांनी कात्रजजवळ पाण्याने भरलेला खड्डा आला. ‘ठाक्!’ दुसऱ्या दिवशी साईडवॉलवर लिंबाएवढं टेंगूळ. आतले धागे तुटले की असं होतं. त्याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचा. १११ मि.मी. ची साईडवॉल ८६ वर आणली होती मी. धक्का झेलणार कोण?

इथेच भाराचा आकडा बघायचा राहून गेला होता. मूळ टायरवर ८४ लिहिलेलं होतं, म्हणजे एका चाकाला ५०० किलो. माझ्या १७ इंचीवर ८३, म्हणजे ४८७. मूळपेक्षा कमी कधीही घेऊ नका. याच साईजमध्ये ‘एक्स्ट्रा लोड’वाला ८७ चा, ५४५ किलोचा टायर येतो. मात्र त्यात हवा जास्त ठेवली तरच तो तेवढं वजन पेलतो.

काही छोट्या चुका पटकन

पोर्श ९११ ला पुढे २३५ आणि मागे २९५ बघून पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला मागे रुंद टायर घालू नका. ९११ चं इंजिन मागे आहे, तुमचं पुढे.

डिकीतली स्टेपनी जुन्याच साईजची असेल आणि व्यासात फरक असेल, तर ती चालवणाऱ्या चाकांवर लांब पल्ल्याला ठेवू नका. पुढचं पंक्चर झालं तर मागचं पुढे आणा, स्टेपनी मागे लावा.

टायरवरचे तारखेचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ‘ऑफर’मधले रुंद टायर बरेचदा असेच जुने असतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करण्याच्या विरोधात आहेत. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला दिलेली साईज घेतली, की विम्याच्या वेळी तोंड लपवावं लागत नाही.

बसवून झालेत आणि त्रास होतोय?

गाडी रस्त्यातल्या रेघा आणि चाकोऱ्या पकडून इकडेतिकडे ओढते: रुंद टायरला थोडं होतंच. आधी हवा बघा, मग अलाइनमेंट. टायर बदलल्यावर अलाइनमेंट केलीच नाही, असे निम्मे लोक भेटतात.

ठरावीक वेगाला थरथर: बॅलन्सिंगने जात नसेल तर पेन्सिल आठवा.

भरलेल्या गाडीतच घासतं: व्यास किंवा ऑफसेट. मडगार्डची कड ठोकून आत वळवून देतो म्हणणारे भेटतील. पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज दिसेल.

हवा किती ठेवायची हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पेट्रोलच्या झाकणाआतल्या स्टिकरवरचा आकडा मूळ टायरसाठी आहे. सुरुवात तिथून करा, सकाळी टायर गार असताना. मग खडूने टायरवर आडवी जाड रेघ ओढा आणि शंभर पावलं सरळ गाडी चालवा. रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांनी पुसली तर कमी, एकाच कडेने पुसली तर अलाइनमेंटवाल्याकडे जा. पण खडूच्या नादात एक्स्ट्रा लोडच्या टायरची हवा स्टिकरखाली उतरवू नका.

माझ्या गाडीला आता १९५/५५ आर १६ आहेत, भाराचा आकडा ८७, कंपनीच्याच १६ इंची रिमवर. नंतरच्या जीटीला कंपनीने हीच साईज दिली होती. व्यास ६२१, म्हणजे माझ्या मूळ टायरपेक्षा तीन टक्के जास्त, दंडकाच्या अगदी काठावर. पण ती साईज कंपनीने त्याच गाडीवर तपासून दिलेली, आणि माझी पहिली दुकानात उभ्या-उभ्या ठरलेली.

१७ इंची अलॉय बाल्कनीत पडून आहेत. विकायला काढली आहेत. परवा एकाचा फोन आला, फोटो आवडले म्हणाला, भाव न करता घ्यायला तयार. मी विचारलं, गाडी कोणती, हबचा बोअर किती?

“बोअर म्हणजे?” तो म्हणाला. “बसतील ना पण?”