गिटारचं पोट उघडा: बिडीचा वास आणि घूं-घूं एकाच जागी असते

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीचे पंप, सबमर्सिबल, स्टार्टर हे रोजचं काम. गिटार माझी पुतणी वाजवते. भीमजयंतीच्या गाण्यांसाठी तिला इलेक्ट्रिक गिटार हवी होती, म्हणून फेब्रुवारीत एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग), फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची जुनी गिटार साडेतीन हजारांत घेतली. घरी पेटी उघडली अन् पोरगी दोन पावलं मागं सरली. "काकाजी, हे तं गोदामावानी वास मारते!" बिडी, डांबराच्या गोळ्या आणि पावसाळ्यात भिजलेल्या पोत्याचा कुबटपणा, तिन्ही एकत्र. अ‍ॅम्पला जोडली तर घूं असा आवाज वेगळाच.

लोक वासासाठी वरून अत्तर मारतात आणि आवाजासाठी लगेच महागडे पिकअप मागवतात. तसं करू नका. आधी गिटार उघडा. माझ्या गिटारचं तरी दोन्ही दुखणं पिकगार्डखालच्या (तारांखालच्या पातळ झाकणपट्टीखालच्या) खोबणीतच बसलेलं होतं.

विकत घेण्याआधीच एक गोष्ट बघा. वास फवारणीच्या औषधाचा असेल तर गिटार घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. आपल्याकडे औषधाचे डबे आणि घरचं सामान एकाच खोलीत पडलेलं असतं. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. छातीशी धरून तासन् तास वाजवायच्या लाकडात ते विष नको.

बिडीचा आणि कुबट वास मात्र निघतो. पहिल्यांदा पेटी, पट्टा आणि गिटार तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी एकेकाला नाक लावा. आमची पेटी सगळ्यात वाईट निघाली. आतल्या मखमलीला बुरशी धरली होती. पट्टा फेकला, पेटी ब्रशनं झाडून चार दिवस कडक उन्हात उघडी टाकली. गिटारला मात्र ऊन दाखवू नका. आपल्याकडचं ऊन म्हणजे लाकूड तडकवणारं, नेक (गिटारचा लांब दांडा) वाकवणारं ऊन. तिला पडवीत, सावलीत, वारा लागेल असं ठेवायचं.

मग तारा हळूहळू सैल करून काढल्या. पिकगार्डचे अकरा स्क्रू काढले आणि तो उचलला. आत कोपऱ्यात बोटभर धूळ, आणि त्या धुळीत बिडीच्या बंडलाचा गुलाबी दोरा गुंडाळून बसलेला. बाहेरून गिटारला चकचकीत लेप असतो, वास त्यात मुरत नाही. आत लाकूड बऱ्याचदा कोरंच असतं, ते धूर आणि ओल पिऊन बसतं.

धूळ ब्रशनं काढा. बाहेरच्या अंगावर धुराचा चिकट थर असतो, तो पाण्यानं जात नाही. लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था सुती फडक्याला थोडंसं लावून पुसा, मोकळ्या हवेत, आणि जवळपास चूल, बिडी, उदबत्ती काहीच नको. आमचं फडकं चहाच्या रंगाचं झालं. तिसऱ्या फडक्याला पिवळेपणा थांबला. नंतर गिटार मोठ्या खोक्यात ठेवून शेजारी दोन वाट्या खाण्याचा सोडा आणि कापडी पिशवीत किलोभर बाभळीचा कोळसा ठेवला, खोकं टेपनं बंद केलं. आठ दिवस. मधे एकदा सोडा बदलला.

तरीही खोबणीतून थोडा वास येत होता. तेव्हा आमच्या सुताराची युक्ती कामी आली. त्यानं चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दिली, जुन्या कपाटांना लावतात तीच. ती खोबणीत, फक्त आतून, पातळ हातानं तीनदा लावली. लाख वाळली की लाकडाची भोकं बंद होतात आणि उरलेला वास आतच अडकतो. बाहेरच्या रंगावर स्पिरिट सांडू देऊ नका.

फ्रेटबोर्ड (बोटानं तारा दाबतात ती लाकडी पट्टी) कोरडा पडला असेल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा, चार थेंब पुरतात. खोबऱ्याचं तेल नको, खवट होतं. जवसाचं तेल आपल्या घरोघरी असतं, पण ते वाळताना चिकट पापुद्रा धरतं. त्याचं माखलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप पेटूही शकतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली कॉइलच. तार 0.06 मिलीमीटरच्या आसपास, केसासारखी, आणि वेढे सात-आठ हजार. माझा हात पंपाच्या जाड तारेवर बसलेला, ही तार बोटाला जाणवतसुद्धा नाही. मल्टीमीटर लावला: नेकजवळचा 5.8 किलोओहम, मधला 5.9, ब्रिजजवळचा (खाली तारा अडकवतात तिकडचा) ओपन. म्हणजे त्याची तार आत तुटलेली. मग तिन्ही बदलायचे ठरवले.

घेताना एवढं विचारा की मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा आहे का. स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर मधला पिकअप शेजारच्यासोबत चालतो. दोघांत शिरलेली 50 हर्ट्झची घूं एकमेकींना छेदते, तारांचा सूर मात्र बेरजेत येतो. 1955 मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं हंबकर हा दोन कॉइलचा पिकअप याच तत्त्वावर बनवला. चुंबक अल्निको 5 या मिश्रधातूचे घेतले, सिरॅमिकपेक्षा मला त्यांचा आवाज मऊ वाटतो.

काम सुरू करण्याआधी बाक पुसा. माझ्या बाकावर लोखंडाचा कीस असतोच, तो पिकअपच्या चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही. पांढरी चादर अंथरून वर काम केलं. जुन्या जोडणीचे चार फोटो काढा आणि एका वेळी एकच पिकअप सोडवा. पॉटच्या (आवाज आणि टोन कमीजास्त करायच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर सोल्डर करायला 40 वॅटचं आयर्न लागतं. कमी वॅटचं धरून ठेवलं तर पॉट आतून भाजतो. खरखरणारे पॉट बदलायची घाई नको, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीस वेळा फिरवा.

लाख वाळलेल्या खोबणीत तांब्याची टेप लावली. स्वस्त टेपच्या डिंकातून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्या आणि मल्टीमीटरनं सगळीकडं कंटिन्युइटी (वीज सलग जाते का) बघून टेप ग्राउंडला जोडा. जॅकची सिग्नलची बाजू मात्र टेपला लागता कामा नये. या टेपनं चार्जर-ट्यूबलाइटची चरचर कमी होते. ट्रान्सफॉर्मरची घूं चुंबकीय असते, ती तांब्याला जुमानत नाही. तिच्यासाठी उलट कॉइलच हवी.

ब्रिजच्या मागच्या स्प्रिंगला जोडलेली ग्राउंडची तार तपासा, आमची तुटलेली होती. ती जोडताच तारांना हात लावला की आवाज शांत व्हायला लागला. पण याचा अर्थ असाही की वाजवणारीचा हात आता अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेला आहे. गावच्या कार्यक्रमात खांबावरून आकडा टाकलेला, प्लगचा तिसरा पाय मोडलेला, आणि ओठ माइकला. कार्यक्रमाआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टच्या वर दिसलं तर वाजवायचं नाही. मंडपवाला काहीही म्हणो.

शेवटी उंची. शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून पिकअप आणि तार यांच्यात जाड बाजूला अडीच, बारीक बाजूला दोन मिलीमीटर अंतर ठेवा. जास्त जवळ आणलं तर चुंबक तार ओढतो आणि जाड तारांचा सूर डगमगतो. पट्टीनं मोजून झालं की कानावर या. 12 एप्रिलच्या रात्री पुतणी एकच सूर धरून बसली आणि मी पेचकस पाव-पाव फिरवत होतो. "अजून थोडा खाली, काकाजी," ती म्हणाली, "आता राहू द्या."