परकीय हस्तक्षेपाने अत्याचार थांबतील का, हे कसे पडताळावे

एखाद्या देशाचे सरकारच आपल्या नागरिकांच्या जिवावर उठते, तेव्हा बाहेरच्या देशांनी तेथे हस्तक्षेप करावा अशी मागणी होते आणि तिला तितक्याच त्वेषाने विरोधही होतो. हस्तक्षेप चांगला की वाईट, या सरसकट प्रश्नाला इतिहासात सरसकट उत्तर सापडत नाही. म्हणून समोरच्या प्रसंगालाच काही प्रश्न विचारावेत.

सर्वप्रथम नेमके काय थांबवायचे आहे ते निश्चित करावे. चालू असलेले हत्याकांड थांबवणे हे एक काम आहे आणि नागरिकांना हक्क मिळवून देणे हे दुसरे. पहिले काम बाहेरचे सैन्य कधीकधी करू शकते, दुसरे सहसा त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. व्हिएतनामचे सैन्य डिसेंबर १९७८ मध्ये कंबोडियात शिरले, ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह त्याच्या हाती आले आणि ज्या ख्मेर रूज राजवटीत पंधरा लाखांहून अधिक माणसे मेली होती ती कोसळली. परंतु हे सैन्य पुढे दहा वर्षे तेथेच राहिले आणि यादवीही संपली नाही. त्याच १९७९ मध्ये टांझानियाच्या सैन्याने इदी अमीनची युगांडातील सत्ता संपवली, तरी त्यानंतर राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत तेथील नागरिकांची पुन्हा कत्तल झाली.

त्यानंतर वेळ पाहावी. इराकमध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीत अल्पसंख्य कुर्दांची सर्वांत भीषण कत्तल १९८८ मध्ये झाली, हलब्जा या कुर्दी शहरावर विषारी वायू सोडला गेला तोही त्याच वर्षी, आणि तेव्हा कोणतेही बलाढ्य राष्ट्र त्यांच्या मदतीला धावले नाही. २००३ मध्ये अमेरिकेने व तिच्या मित्रदेशांनी इराकवर आक्रमण करताना त्याच अत्याचारांचा दाखला देण्यात आला. जुना गुन्हा नव्या युद्धाचे कारण म्हणून पुढे केला जात असेल, तर तो दावा अधिक कठोरपणे तपासावा.

हस्तक्षेप करणाऱ्या देशाचा स्वार्थ दिसला म्हणून लगेच विरोधी निष्कर्ष काढू नये, कारण निःस्वार्थ हस्तक्षेप जवळजवळ आढळतच नाही. १९७१ मध्ये भारताचेही हितसंबंध होते आणि सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार होता. तरीही १६ डिसेंबरला ढाक्यात झालेल्या शरणागतीने पूर्व बंगालमधील संहार संपला, ही वस्तुस्थिती उरतेच. विचारायचे ते एवढेच की त्या देशाचे हित आणि पीडितांचे हित कुठवर एकत्र चालणार आहे.

कायदेशीर आधार तपासताना केवळ मंजुरी आहे की नाही यावर थांबू नये, तर तिची मर्यादाही वाचावी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार बळाचा वापर स्वसंरक्षणासाठी किंवा सुरक्षा परिषदेच्या संमतीनेच करता येतो. लिबियाबाबत मार्च २०११ मध्ये मंजूर झालेल्या १९७३ क्रमांकाच्या ठरावाचा हेतू नागरिकांचे संरक्षण हा होता. मोहिमेचा शेवट मात्र तेथील हुकूमशहा गद्दाफींची राजवट उलथण्यात झाला आणि देश पुढे यादवीत सापडला. त्यानंतर सीरियाच्या प्रश्नावर रशिया व चीन यांनी वारंवार नकाराधिकार वापरला, तेव्हा लिबियाचा अनुभव एक कारण म्हणून पुढे ठेवला गेला. मर्यादा ओलांडण्याची किंमत पुढच्या देशातील पीडितांनीही मोजली.

सर्वाधिक वेळ द्यावा तो आश्वासन आणि बळ यांच्या तुलनेला, कारण अर्धवट हस्तक्षेपाइतके घातक क्वचितच काही असते. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात वंशसंहार सुरू असताना आणि दहा बेल्जियन सैनिक मारले गेले असताना सुरक्षा परिषदेने शांतिसेना वाढवण्याऐवजी २७० जणांपर्यंत कमी करण्याचा निर्णय घेतला. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ घोषित केलेले गाव होते. त्या शब्दावर विसंबून हजारो लोक तेथे राहिले, आणि जुलै १९९५ मध्ये सुमारे आठ हजार पुरुष व मुलगे मारले गेले. रक्षणासाठी तेथे डच सैनिक होते, परंतु त्यांची संख्या तोकडी होती आणि शस्त्रेही हलकी होती. म्हणून संरक्षणाची घोषणा ऐकली की सैनिक किती, त्यांना गोळी चालवण्याची मुभा आहे का आणि ते किती काळ राहतील, ही तिन्ही उत्तरे मागावीत.

सैन्याआधीचे मार्गही पाहावेत. इंडोनेशियाच्या ताब्यातील पूर्व तिमोरमध्ये स्वातंत्र्याबाबतच्या १९९९ च्या सार्वमतानंतर हिंसाचार उसळला, तेव्हा आर्थिक व राजनैतिक दबावामुळे इंडोनेशियाने स्वतःच परकीय सैन्याला संमती दिली आणि ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील दलाला लढून आत शिरावे लागले नाही. सरसकट आर्थिक निर्बंध मात्र सामान्य माणसालाच आधी पिळतात, हे १९९० नंतरच्या इराकमध्ये दिसले.

अखेरीस, विजयानंतर दुबळे कोण ठरणार याचा अंदाज घ्यावा. १९९९ मध्ये नाटोने ७८ दिवस हवाई हल्ले केल्यावर सर्बियन फौजा कोसोवो प्रांतातून हटल्या व तेथून परागंदा झालेले बहुसंख्याक अल्बेनियन परतले. पण नाटोचे सैन्य तेथे हजर असतानाच तेथील अल्पसंख्य सर्ब आणि रोमा लोकांवर घरे सोडण्याची वेळ आली. प्रस्तावित मोहिमेच्या आराखड्यात पराभूत बाजूच्या नागरिकांच्या संरक्षणाची तरतूद शोधावी, आणि ती नसेल तर पाठिंबा देण्यापूर्वी तिची मागणी करावी.