अमेरिकेत शेअरिंगचं घर घेताय? लीजवर सही करण्याआधी या चुका टाळा

जून-जुलै आला की अमेरिकेला निघालेल्या मुलांच्या ग्रुपवर एकच हिशेब चालतो: चार बेडरूमचं घर, सहा जण, तर डोक्यावर भाडं किती? गणित चुकत नाही, नियम चुकतो. तिथल्या बऱ्याच गावांत 'सिंगल फॅमिली', म्हणजे एका घरात एकच कुटुंब, म्हणून आखलेल्या वस्तीत माणसं किती यापेक्षा ती एकमेकांची कोण, हे आधी पाहतात. आईवडील आणि सहा मुलं खुशाल राहतात, पण नातं नसलेल्यांची मर्यादा कुठे दोन, कुठे तीन, कुठे चार.

'असला नियम कोर्टात टिकेल का?' असं म्हणून तो उडवून लावणं ही पहिली चूक. टिकलाय. न्यूयॉर्कजवळच्या बेल टेअर या चिमुकल्या गावात स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांना घर भाड्याने दिलं होतं. गावाचा नियम दोघांचा. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गावाचीच बाजू उचलून धरली. तीन वर्षांनी ईस्ट क्लीव्हलँडच्या एका आजीला नातवाला घरात ठेवल्याबद्दल दोषी धरलं, तेव्हा मात्र त्याच कोर्टाने शहराला चपराक दिली. थोडक्यात, नातं असेल तर कोर्ट पाठीशी, मैत्रीला तेवढं संरक्षण नाही. मला हा न्याय पटत नाही, पण घर शोधताना माझ्या पटण्याला किंमत शून्य.

दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या शहरातल्या सीनियरचा सल्ला, कारण नियम जागेगणिक बदलतो. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयांनी असे नियम १९७९-८० मध्येच मोडीत काढले. आयोवा, ओरेगन, वॉशिंग्टन या राज्यांनी कायदा करून ते बंद केले. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये 'यू प्लस टू', म्हणजे तुम्ही आणि आणखी दोघे, हा नियम वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या डोक्यावर होता. २०२४ च्या राज्य कायद्याने तो गेला. बॉस्टनमध्ये २००८ पासून पाच किंवा जास्त पूर्णवेळ पदवी विद्यार्थ्यांना एका घरात राहता येत नाही. एमएसवाले त्यात मोजले जात नाहीत. म्हणून शहराच्या झोनिंग ऑफिसला (कुठल्या वस्तीत काय चालतं ते ठरवणाऱ्या कार्यालयाला) ईमेल टाका: या पत्त्यावर नातं नसलेले किती जण चालतात? उत्तर लेखी घ्या.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी चूक: लीजवर तीन नावं आणि आत पाच माणसं. चौथा-पाचवा हॉलमध्ये पडदा लावून गादी टाकतो आणि पैसे रूममेटला देतो. वाद झाला तर त्याच्या हातात कागद नाही, डिपॉझिट मागायचं कोणाकडे हा प्रश्न. शिवाय एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) विद्यार्थ्याला पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला खरा पत्ता कळवावा लागतो. म्हणजे जिथे राहतो ते लपवायचं आणि तेच कळवायचं, अशी कोंडी. घरमालकाने तोंडी 'चालेल' म्हटलं तरी शहराचा नियम बदलत नाही, आणि बहुतेक लीजमध्ये जादा माणूस ठेवणं हे घर खाली करायला पुरेसं कारण असतं.

'आम्ही भाऊ-भाऊ' ही थाप मारू नका. नात्याचा पुरावा मागितला तर तीन वेगवेगळी आडनावं घेऊन काय सांगणार? खरंच मामेभाऊ असाल तर आधी नियमातली व्याख्या वाचा. काही ठिकाणी ठरावीक जवळिकीपर्यंतचंच नातं धरतात, लांबचं नाही.

नात्याची अट नसली तरी जागेची असते. अनेक शहरांत बेडरूम एकट्यासाठी किमान ७० चौरस फूट, दोघं-तिघं असतील तर माणशी ५० असा हिशेब आहे. तळघरात खोली घेताना आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी आहे का, हे स्वतः पाहा.

तक्रार बहुधा शेजाऱ्याकडून जाते, आणि कारण असतं रस्त्यावरच्या पाच गाड्या, भरून वाहणारी कचऱ्याची पेटी किंवा रात्री दोनचा गोंगाट. इन्स्पेक्टर आला तर तुमच्या संमतीशिवाय आत यायला त्याला साधारणपणे वॉरंट लागतं. हे सौजन्याने सांगा, खोटं मात्र बोलू नका. नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये ठेवू नका: दुरुस्तीची मुदत आणि अपिलाची तारीख त्यातच असते. एका रात्रीत घर सोडून पळालात तर लीजचं भाडं डोक्यावर राहतं. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदा सल्ला असतो. नोटीस, लीज आणि घरमालकाचे मेसेज घेऊन आधी तिकडे जा, आणि त्यांनी पाहेपर्यंत घरमालकाने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका.