सोललेला लसूण किती दिवस आणि कसा ठेवायचा

मी रविवारी टीव्हीसमोर बसून पाव किलो लसूण सोलून ठेवते, सकाळी डब्याच्या घाईत कोण सोलत बसणार! सोलताना नख लागलेल्या, डाग पडलेल्या पाकळ्या बाजूला काढायच्या आणि त्या दिवशीच वापरायच्या, कारण एक खराब निघाली की अख्खा डबा जातो. शक्यतो धुवायच्याच नाहीत, धुतल्या तर फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. काचेच्या डब्यात खाली टिश्यू घाला, झाकण घट्ट लावा, फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर आरामात जातो. टिश्यू ओला वाटला की बदलायचा. चिकट लागला किंवा बुरशी दिसली तर सरळ फेका, कोंब आला तर चालतो, जरा कडू लागतो एवढंच.

आता महत्त्वाचं. तेलात बुडवून बरणी ओट्यावर अजिबात ठेवू नका!! मातीतून लसणावर बोट्युलिझमचे (ही अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा) जंतू आलेले असू शकतात, तेलात हवा नसते आणि लसूण आंबट नाही, त्यामुळे ते बाहेरच्या तापमानाला वाढून विष तयार करतात, आणि वासावरून चवीवरून काहीच कळत नाही. 1985 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला तेलातल्या लसणामुळे 36 जण आजारी पडले होते. तेलातला लसूण पाहिजेच असेल तर थोडा करा, लगेच फ्रीजमध्ये, चार दिवसांत संपवा.

जास्त असेल तर पेस्ट करून आइस ट्रेमध्ये गोठवा, महिनोन्महिने टिकते, क्यूब थेट फोडणीत (तेल उडतं, लांब उभे राहा). पेस्ट हिरवट झाली तर घाबरू नका, ती खाता येते.