ब्रिटनमधील नर्सिंगच्या मुलाखतीला सामोरे जाताना

आपल्याकडे जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून काही वर्षे वॉर्डात काढलेल्या सिस्टर एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील बँड ५ च्या, म्हणजे नोंदणीकृत नर्सच्या सुरुवातीच्या श्रेणीच्या, मुलाखतीत मागे पडतात, त्याचे कारण बहुधा ज्ञानाची उणीव नसते. आपण केलेले काम सांगताना कर्ता गाळण्याची आपली सवय तिथे नडते. ‘सलाइन लावले, डॉक्टरांना कळवले’ असे आपण हँडओव्हरमध्ये रोज बोलतो आणि ते सगळ्यांना समजते. परंतु मुलाखत घेणाऱ्यांना नेमके हेच जाणून घ्यायचे असते की रुग्ण बिघडतो आहे हे कोणी ओळखले, आणि त्या क्षणी तुम्ही स्वतः काय ठरवले. म्हणून तयारीची सुरुवात ‘मी’पासून करावी.

आपल्या अनुभवातले चार-पाच प्रसंग निवडून वहीत लिहून काढावेत, मात्र त्यांत रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील नसावा. समजा, शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाचा श्वसनदर २२, नाडी ११२ आणि वरचा रक्तदाब ९८ आहे. बाकी सारे ठीक असून तो शुद्धीवर आहे. रुग्ण बिघडतो आहे का हे ओळखण्यासाठी तिथे वापरल्या जाणाऱ्या न्यूज-२ या गुणपद्धतीत (गुण जितके जास्त, तितका धोका जास्त) या तिन्ही नोंदींचे प्रत्येकी २, म्हणजे एकूण ६ गुण होतात, आणि ५ किंवा अधिक गुण झाले की तातडीने वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ‘मी डॉक्टरांना बोलावले’ एवढ्यावर थांबू नये. फोनवर सद्यस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी या क्रमाने काय सांगितले, डॉक्टर लवकर आले नाहीत तेव्हा आणखी कोणाला कळवले, हेही सांगावे. वरिष्ठांना पुन्हा फोन करणे आपल्याकडे अनेकींना आगाऊपणाचे वाटते. तिथे ते कर्तव्य मानले जाते, आणि उत्तरात ते दिसले नाही तर मुलाखतीतले गुण जातात.

दुसरा फरक नातेवाइकांचा. निदान आधी मुलाला सांगायचे आणि आजीला कळू द्यायचे नाही, हे आपल्याकडे मायेने केले जाते. तिथे निर्णयक्षम रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय मुलालाही देता येत नाही, त्यामुळे असा प्रश्न आल्यास ‘मी प्रथम रुग्णाला विचारेन’ हेच उत्तराचे पहिले वाक्य असावे.

औषध देताना झालेल्या चुकीविषयी हमखास विचारतात. चूक कधी झालीच नाही, असे सांगू नये. रुग्णाला आधी तपासले, डॉक्टरांना आणि इन्चार्जना कळवले, रुग्णाला प्रामाणिकपणे सांगून माफी मागितली आणि घटनेची नोंद केली, हा क्रम तिथे अपेक्षित असतो.

एनएमसी म्हणजे ब्रिटनमधील नर्सची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल; तिची आचारसंहिता तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. ही आचारसंहिता पाठ करण्यापेक्षा आपल्या प्रत्येक प्रसंगाशी तिचे कोणते कलम जुळते ते पाहावे. उत्तरे मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावीत आणि जिथे ‘मी’ गळला असेल, तिथे ते वाक्य पुन्हा म्हणावे.